महिपती क्रेनवरून उतरला

महिपती खरात टॉवर क्रेन चालवायचा. त्याच्या क्रेनखाली काम केलेली माणसं अजून सांगतात, की महिपतीनं टेकवलेल्या मालाचा आवाज व्हायचा नाही. सळईचा भारा असो की सिमेंटचा तयार जिना, खाली उभ्या असलेल्यांना आधी सावली दिसायची, ती मोठी होत जायची आणि मग माल जागेवर बसलेला असायचा.

माणूस मूळचा आटपाडी तालुक्यातला. पुण्याजवळच्या कामांवर मदतनीस म्हणून लागला, तिथंच क्रेन शिकला आणि कतारला आला तो ऑपरेटर म्हणूनच. बायको राणी आणि दोन मुली गावी. लुसैलला एका उंच इमारतीचं काम चालू होतं, तिथल्या क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये त्याचा दिवस जायचा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला अल गराफाचे फिकट बंगले आणि त्यांच्यापलीकडे सपाट वाळू. खाली शफीक असायचा. शफीक बिहारकडचा. माल बांधायचा, हूक अडकवायचा आणि वॉकीटॉकीवरून महिपतीला दिशा सांगायची, हे त्याचं काम. दोघं मजुरांच्या एकाच कॅम्पात, एकाच खोलीत राहायचे. दिवसभर एकमेकांच्या कानात बोलणारी माणसं, त्यामुळे खोलीवर आल्यावर फारसं बोलायला उरायचं नाही.

क्रेनच्या ऑपरेटरचं एक असतं. एकदा शिडी चढून वर गेला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो खाली येत नाही, कारण क्रेन थांबली की सगळी साइट हात बांधून उभी राहते. लघवीसाठी वर बाटली ठेवतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. बाकीचं सकाळी उरकून यायचं. महिपतीचं पोट नेमकं तिथंच त्याला दगा देऊ लागलं.

सुरुवातीला त्याला वाटलं, मेसमधलं तिखट बाधलं. मग रक्त दिसलं, तेव्हा मूळव्याध म्हणून त्यानं मनाची समजूत घातली. औषधाच्या दुकानात जाऊन हळू आवाजात मलम मागितलं. मलमानं काही झालं नाही. कळ आली की ती थांबायला वेळच देत नसे, आणि जाऊन आलं तरी पोट मोकळं झालं असं वाटत नसे. म्हणून त्यानं सकाळचं खाणं सोडलं. तेवढ्यानं भागेना, तेव्हा रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलं. मग पाणीही घोटघोट प्यायला लागला. बाहेर अंगाची लाही होत होती आणि हा माणूस ओठ ओले करण्यापुरतं पाणी पीत होता.

कंपनीच्या बसमध्ये तो दाराजवळची जागा धरायचा. शुक्रवारी ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीत गिरीशच्या घरी जाणं त्यानं बंद केलं. गिरीश त्याच्याच तालुक्यातला, मुशैरिबच्या एका ऑफिसात हिशेबाचं काम करायचा. त्याच्या फ्लॅटवर शुक्रवारी चार मराठी माणसं जमायची, बाजरीची भाकरी व्हायची, गावाकडच्या गप्पा व्हायच्या. पण त्या फ्लॅटला संडास एकच, तोही बैठकीच्या खोलीला लागून. महिपती फोनवर "ओव्हरटाइम आहे," म्हणून सांगायचा आणि कॅम्पातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. महिपतीचं कतार आता या संडासापासून त्या संडासापर्यंत एवढंच उरलं होतं.

राणीचा रोज फोन यायचा. "जेवलात का?" ती विचारायची. "जेवलो की," तो म्हणायचा.

एका सकाळी तयार जिना वर चढवायचा होता. सिमेंटचा अखंड जिना, वरच्या मजल्यावरच्या चौकोनी भोकात बसवायचा. मिस्त्री चारी बाजूंनी हात लावून उभे होते. शफीक सांगत होता, "आणखी खाली. हळू. थोडा समुद्राकडे. थांब. आता खाली." आणि जिना अर्धा भोकात असताना महिपतीच्या पोटात कळ उठली. अशी, की डोळ्यांपुढची काच पांढरी झाली.

क्रेनच्या दांड्या हातांत होत्या. हात जरा हलला असता तर खाली कुणाची तरी बोटं जिन्याखाली गेली असती. कमरेखालचं अंग आपलं नाहीच असं धरून महिपतीनं सगळा जीव मनगटांत आणला. जिना इंचाइंचानं खाली गेला. बसला.

"बसला! हूक सोडतोय," शफीकचा आवाज आला.

मग महिपतीच्या शरीरानं त्याचं ऐकणं सोडलं.

तो तसाच बसून राहिला. खालून शफीक बोलत होता, पुढचा माल तयार आहे म्हणत होता. वॉकीटॉकीवरचं बोलणं सगळ्या साइटला ऐकू जायचं. महिपती एवढंच म्हणाला, "बटण अडकलंय. तू वर ये. एकटा ये. पाणी घेऊन ये."

शफीक धापा टाकत वर आला, त्यानं केबिनचं दार उघडलं. पाण्याची बाटली ठेवून उतरला, स्वतःचे कपडे आणि चिंध्यांचं बोचकं घेऊन परत चढला. फोरमनला त्यानं बटणाचीच थाप मारली होती. महिपती "तू नको, तू नको" म्हणत असतानाच त्यानं खाली बसून फरशी पुसायला घेतली. पुसता पुसता थांबला.

"हे रक्त आहे. कधीपासून?"

"मूळव्याध आहे."

"मूळव्याधीनं माणूस असा वाळत नाही, महिपतभाई. उद्या दवाखान्यात जा, नाहीतर मी फोरमनला सांगीन. आज तू जिना पाडला असतास."

"पाडला नाही."

"आज पाडला नाहीस," शफीक म्हणाला.

सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर होत्या हनिया नावाच्या सुदानी बाई. त्यांना हिंदी येत नव्हतं आणि महिपतीचं इंग्रजी क्रेनपुरतं. म्हणून त्यांनी एका नर्सला बोलावलं. नर्सनं कागदावरचं नाव वाचलं, त्याच्याकडे पाहिलं आणि सरळ मराठीत म्हणाली, "खरात म्हंजे आपल्याकडचेच की तुमी. मी अंबाजोगाईची. ताहेरुन्निसा."

महिपतीला बरं वाटलं आणि त्याच क्षणी मेल्याहून मेल्यासारखंही झालं. हिंदीत 'लूज मोशन' म्हणून सुटता येत होतं. मराठीत तसा आडोसा नव्हता. घरच्या भाषेत, परक्या बाईसमोर, रक्त आणि परसाकडं हे शब्द उच्चारायचे! तो खाली मान घालून बसला.

"लाजायलाव कामून?" ताहेरुन्निसा म्हणाली. "मी दिवसभर हेच ऐकते. तुमी बोला."

डॉक्टर विचारत गेल्या, ताहेरुन्निसा मराठीत सांगत गेली. दिवसातून किती वेळा जावं लागतं, वजन किती उतरलं, हे त्याला अपेक्षित होतं. पण बाईंनी पुढे विचारलं, की झोप लागते का? जेवायची भीती वाटते का? माणसांत जाणं सोडलंत का? महिपती दचकला. ओव्हरटाइमचं खोटं, बसमधली दाराजवळची जागा, भिंतीकडचं तोंड, हे सगळं आजारात धरतात हे त्याला माहीत नव्हतं. आपलाच स्वभाव बिघडला असं तो समजून चालला होता. "सोडलं," तो म्हणाला.

दुर्बिणीतून तपासणी झाली. मोठ्या आतड्याला आतून जखमा होत्या. आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. ताहेरुन्निसानं समजावून सांगितलं, की हा आजार मुळापासून जात नाही, औषधानं आवरून धरावा लागतो. मिरचीनं होत नाही, कुणाच्या करणीनं होत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही.

गोळ्या सुरू झाल्या. रक्त थांबलं, भूक आली, चेहरा मात्र औषधानं सुजला. फोनवर त्याला बघून राणी हरखली. "गालावर मांस आलंय. जेवण मानवलं म्हणायचं." महिपती हसला आणि त्यानं फोन लवकर ठेवला.

कंपनीनं त्याला क्रेनवरून उतरवून स्टोअरमध्ये बसवलं. साखळ्या आणि पट्टे देणं-घेणं. वर एक नवा फिलिपिनो ऑपरेटर आला. मालाचा धप्प आवाज ऐकू आला की स्टोअरमध्ये महिपतीची मनगटं आपोआप हलायची.

थंडीच्या दिवसांत आजार पुन्हा उसळला, आणि पहिल्यापेक्षा वाईट उसळला. या वेळी त्याला दाखल करूनच घेतलं. सलाईन झालं, भारी इंजेक्शनं झाली, पण रक्त थांबेना. ताप चढायला लागला. डॉक्टर हनिया खाटेशी खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, की आता मोठं आतडं काढावं लागेल. लहान आतड्याचं तोंड पोटावर आणायचं आणि त्यावर पिशवी लावायची.

"नको," महिपती म्हणाला. "मला गावी पाठवा."

"गावी जाईपर्यंत टिकणार नाहीत," डॉक्टरांनी ताहेरुन्निसाला सांगितलं, आणि तिनं ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं. मऊ करून सांगितलं नाही.

"पोटावर संडास घेऊन जगायचं? मग माणूस म्हणून काय राहिलं?"

"आन् आता काय राहिलंय?" ताहेरुन्निसानं विचारलं. "खात नाहीत. झोपत नाहीत. कुणाकडं जात नाहीत. घरी सांगितलंय का?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"मग आधी घरी फोन लावा, दादा. मी इथंच उभी राहते."

दुपारची वेळ होती. राणी गोठ्यात होती, मागून शेळ्यांचा आवाज येत होता.

"राणी, मी दवाखान्यात हाय."

"काय झालंय वो?"

त्यानं सांगितलं. थांबत थांबत, पण सगळं सांगितलं. शेवटी राणी म्हणाली, "कधीपासनं?"

"गेल्या उन्हाळ्याच्या आधीपासनं."

"आन् मी रोज इचारती, तर तुमी जेवलो म्हणताय."

"तुला घोर नको म्हणून."

"घोर मला तसाबी हुताच. नुसता कशाचा त्ये ठावं नव्हतं."

"पोटाला पिशवी लावणार म्हणत्यात, राणी."

"आन् न्हाई लावली तर?"

"न्हाई लावली तर, म्हणतीया," असं म्हणत महिपतीनं फोन पुढे केला. ताहेरुन्निसानं फोन घेतला. "वहिनी, नाही लावली तर आतडं आतल्या आत फुटंल."

"मग लावा की," राणी म्हणाली. "त्यात त्यास्नी काय इचारत बसलाय?"

फोन ठेवल्यावर ती गोठ्यातच खाली बसून रडली. हे महिपतीला पुष्कळ नंतर थोरल्या मुलीकडून कळलं. फोनवर मात्र तिचा आवाज हलला नव्हता.

ऑपरेशन झालं. महिपती वाचला, पण पोटाकडे बघेना. पिशवी बदलायची वेळ आली की तो मान वळवून खिडकीकडे बघायचा. ताहेरुन्निसा रागवून बघे, समजावून बघे, पण तो मान वळवायचा नाही. गिरीशला शफीकनं कळवलं होतं. तो ऑफिसातून थेट हॉस्पिटलात आला आणि खाटेच्या पायाशी उभा राहिला. "माझ्या घरी संडास एकच म्हणून तू येईनास?" एवढंच म्हणाला. मग त्यानंच धावपळ करून राणीसाठी व्हिसा काढला.

आटपाडीच्या पुढं फारशी न गेलेली राणी मुलींना आईकडे ठेवून एकटी विमानात बसली. गिरीशच्या घरी उतरली आणि दुसऱ्याच सकाळी वॉर्डात आली. नवऱ्याचा हाडांचा सापळा झालेला. तिनं लुगड्याच्या पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला आणि ताहेरुन्निसाला म्हणाली, "मला दावा कसं करायचं त्ये."

ताहेरुन्निसानं पिशवी सोडवली. महिपती खिडकीकडे बघत होता. राणी वाकून निरखत राहिली. लाल, ओलसर, बोराएवढा गोळा.

"तान्ह्याच्या ओठावानी दिसतंय," ती म्हणाली. "दुखतं का वो ह्ये?"

"न्हाई," महिपती म्हणाला. आणि खरंच ते दुखत नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटात कुठंच दुखत नव्हतं, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यानं मान वळवली आणि पाहिलं. पाहता पाहता तो लहान पोरासारखा रडायला लागला. ताहेरुन्निसा कोमट पाण्याचं भांडं तसंच धरून उभी राहिली, आणि राणीनं त्याच्या छातीवर हात ठेवला.

नंतर तो शिकला. पोटावरच्या तोंडाच्या मापानं पिशवीच्या चिकट चकतीला भोक कापायचं, कातडी कोरडी करून ती चिकटवायची, पिशवी भरायच्या आत रिकामी करायची, घास बारीक चावायचा. मीठ-साखरेचं पाणी सतत जवळ ठेवायचं, कारण मोठं आतडं नसलेल्या माणसाच्या अंगात पाणी थांबत नाही. राणी महिनाभर राहिली. जायच्या आदल्या दिवशी गिरीशनं तिला गाडीतून लुसैलला नेलं आणि ती क्रेन दाखवली. ती काचेतून वर बघत राहिली, केबिन दिसेना म्हणून मान आणखी मागे टाकली. "एवढ्या वर हुते ह्ये?" ती म्हणाली. "एकटेच?"

महिपतीला कंपनीनं परत घेतलं, पण वर जायला कंपनीच्या डॉक्टरांनी साफ मनाई केली. शिडी, ऊन आणि पाण्याचा प्रश्न, तिन्ही वाईट. त्यानं दोनदा अर्ज केला, दोनदा नकार आला. शेवटी त्याला खालून क्रेनला खुणा करणाऱ्याचं काम मिळालं. हातात वॉकीटॉकी, शेजारी शफीक.

पहिला उन्हाळा फार कठीण गेला. घामानं चकती सुटायची. एकदा बसमध्ये सुटली, वास सगळीकडे पसरला आणि पुढच्या बाकावरची माणसं उठून मागे गेली. शफीक जागचा हलला नाही. एकदा अंगातलं पाणी कमी होऊन महिपती साइटवरच कोसळला आणि पुन्हा सलाईनवर गेला. बरं वाटतंय म्हणता म्हणता असे दिवस यायचे. त्या दिवशी तो कुणाशी बोलायचा नाही, आणि राणीलाही तसंच सांगायचा, "आज बोलत न्हाई." ती म्हणायची, "बरं." आता एवढं खरं दोघांत आलं होतं.

ऑक्टोबरात एक दिवस वरच्या फिलिपिनो ऑपरेटरचा आवाज त्याला वेगळा वाटला. शब्द तुटत होते. महिपतीनं विचारलं, पाणी प्यालास का? तो म्हणाला, प्यालो तर खाली यावं लागतं. महिपतीनं माल खाली घ्यायला लावला आणि त्याला उतरायला सांगितलं. फोरमन धावत आला आणि सगळ्यांसमोर महिपतीवर ओरडला, की क्रेन थांबवायचा हुकूम तुला कुणी दिला?

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाआधीच्या सभेत सेफ्टी ऑफिसरनं नेहमीसारखं विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?" हे तो रोज विचारायचा आणि रोज कुणी काही सांगायचं नाही. महिपतीनं हात वर केला. हिंदीत, मोडक्या इंग्रजीत तो बोलला.

"वर बसलेला माणूस पाणी पीत नाही, कारण त्याला संडास नाही. मी पण पीत नव्हतो. मी आजारी होतो, कुणाला बोललो नाही. जिना उचललेला असताना कळ आली, तो बसल्याबसल्या केबिनमध्येच माझं पोट सुटलं. जिना पडला असता तर माणसं मेली असती. आता माझं मोठं आतडं नाही. पोटावर पिशवी आहे." त्यानं जॅकेटवरून तिथं हात ठेवला. "आजार मला तसाही झाला असता. पण तो लपवायला मला उपाशी, तहानलेलं राहावं लागलं, ते व्हायला नको होतं. वरच्या मजल्यावर क्रेनजवळ एक संडास ठेवा."

मागं कुणीतरी हसलं. कुणीतरी त्याला गप्प केलं. सेफ्टी ऑफिसर खाली बघत होता.

काही दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी प्लास्टिकचा फिरता संडास ट्रकवरून उतरला, क्रेननं उचलून वरच्या मजल्यावर नेला, आणि खालून महिपतीनंच ऑपरेटरला खुणा केल्या. शफीकला हसू आवरेना. महिपती हसला नाही. तो शेवटपर्यंत मनगटं हलवत राहिला, आणि संडास टेकला तेव्हा आवाज झाला नाही.

जानेवारीत तो रजेवर गावी गेला. घरी माणसं भेटायला यायची. मेहुण्यानं राणीला बाजूला घेऊन सांगितलं, की पिशवीचं कुणाजवळ बोलू नका, पोरींची लग्नं व्हायचीत. राणीनं ऐकून घेतलं. संध्याकाळी ओसरीवर सगळे चहाला बसले असताना मेहुणा कुणाला तरी सांगत होता, दाजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय. राणी कपबशा घेऊन दारात उभी होती.

"अपेंडिक्स न्हाई," ती म्हणाली. "त्यांचं आतडं काढलंय. पोटावर पिशवी हाय. म्हणून तर ह्ये समोर बसल्यात. ज्याला ह्यात काय वंगाळ वाटंल, त्याच्या घरात माझी पोरगी द्यायचीच न्हाई मला."

महिपतीनं चहा घेतला. जरा वेळानं पिशवी भरत आल्याचं त्याला जाणवलं, तेव्हा "आलोच," म्हणून तो उठला, सगळ्यांसमोरून परसात गेला आणि परत येऊन आपल्या जागेवर बसला.